ओळखीची तार : जमिनीलगतच्या फवारणी-उड्डाणातील धोके

मित्रहो, नाशिककरांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे अप्रूप नाही. ओझरला विमाने बांधली जातात आणि गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात. मात्र फवारणीचे विमान पिकाच्या शेंड्यांवरून जेमतेम तीन-चार मीटर उंचीने जाते. 1921 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात जॉन मॅकरेडी यांनी झाडांवरील अळ्या मारण्यासाठी विमानातून विषारी भुकटी सोडली, तेव्हापासून या कामाची ही अट सुटलेली नाही, कारण अधिक उंचीवरून सोडलेले औषध वाऱ्याने शेजारच्या शेतात जाते.

ताशी 200 किलोमीटर वेगाने जाणारे विमान सेकंदाला सुमारे 55 मीटर अंतर कापते. समोरची विजेची तार दिसणे, ती तार आहे हे उमगणे, हात हलणे आणि विमानाने नाक उचलणे यांत दोन सेकंद गेले, तर तोवर शंभराहून अधिक मीटर संपलेले असतात. शिवाय हिरव्या-करड्या पार्श्वभूमीवर तार दिसतच नाही. वैमानिक खांब पाहून तिचा अंदाज बांधतो. म्हणूनच या विमानांच्या काचेपुढे तार कापणारी पाती बसवतात आणि कॉकपिटच्या माथ्यापासून शेपटीपर्यंत एक केबल ताणतात.

यावरून न दिसलेली तारच घात करते, असे कोणालाही वाटेल. पण ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा संस्थेने 2001 ते 2010 या काळातील तारांवर आदळण्याच्या घटना तपासल्या, तेव्हा सुमारे 63 टक्के घटनांत वैमानिकाला ती तार तिथे आहे हे आधीच ठाऊक होते. मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. वैमानिकाने सकाळी शेतावरून चक्कर मारून तारा हेरलेल्या असतात. पण वारा फिरतो, फवारणीची दिशा ऐनवेळी बदलावी लागते, एखादे नोझल तुंबते, आणि नजर क्षणभर आत वळते. मुख्य पट्टे आटोपल्यावर बांधालगतची राहिलेली कड फवारताना विशेष सांभाळावे लागते, कारण तिथे विमान तारांच्या अगदी जवळून जाते आणि मन मात्र काम संपल्याच्या भावनेत असते.

दुसरा धोका वळणाचा. पट्टा संपला की विमान वर घेऊन, तीव्र झुकवून परत आणावे लागते. उंची कायम ठेवून साठ अंशांच्या झुकावात वळताना विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. टाकी भरलेली, दुपारच्या उन्हाने हवा विरळ झालेली, अशा वेळी पंखांनी साथ सोडली तर विमान सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. औषधांचे म्हणाल, तर सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या बाधेने डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि दृष्टी धूसर होते. तारा हेरणाऱ्याला हे किती महाग पडेल ते सांगायला नको.

निफाड-दिंडोरीच्या लहान तुकड्यांत आणि द्राक्षांच्या मांडवांवर असे विमान चालणे अवघड, म्हणून आपल्याकडे ब्लोअर आणि आता ड्रोन. ड्रोनमुळे माणूस जमिनीवर राहिला, हा मोठाच लाभ. पण विहिरीवरच्या मोटारीकडे जाणारी, झोळ पडलेली तार त्यालाही तितकीच अडवते, आणि बारीक तार ड्रोनच्या सेन्सरला दिसेलच असे नाही. ड्रोनवाला बाहेरगावचा असेल, तर ती तार त्याला शेतकऱ्यानेच, फवारणी सुरू होण्यापूर्वी, बांधाने सोबत चालत दाखवली पाहिजे, आणि शेवटची कड फवारायची वेळ आली की पुन्हा एकदा.