ढमी, टेकडी आणि कुसळं

नमस्कार मंडळी. पुण्यात थंडी पडलीय, सकाळी टपरीवर सगळे चहाचा ग्लास दोन्ही हातात धरून शेकत उभे असतात, आणि या दिवसांत मला कुणी ना कुणी विचारतंच की अगं तू कुत्रीला घेऊन डोंगरात जातेस, तिला स्वेटर घालतेस का? नाही घालत. आमची ढमी म्हणजे कोथरूडच्या एका पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी कुत्री, आणि आपली थंडी ती काय, पहाटे 8-9 डिग्री आणि दुपारी परत 30 च्या आसपास. कुत्रं म्हातारं असेल, अगदी बारीक केसांचं असेल तर घाला बापडे. पण खरा त्रास होतो तो कुसळांचा.

आपल्याकडे म्हणतात ना, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं. कुत्र्याच्या कानातलं मात्र अजिबात दिसत नाही हो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला गेलो होतो, गवत पार वाळून सोनेरी झालेलं, कुठेतरी मोर ओरडत होता, आणि ही बया ससा दिसल्यासारखी त्या गवतात उड्या मारत सुटली, मी पण कौतुकाने व्हिडिओ काढत बसले. संध्याकाळी मान एका बाजूला वाकडी करून डोकं झटकायला लागली. मला वाटलं गोमाशी चावली असेल, आणि या वाटण्यात मी दोन दिवस घालवले. शेवटी डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन आतून जे काढलं ते बोटाच्या पेराएवढं कुसळ होतं.

ते आत जातं कसं तेही बघा. कुसळाच्या टोकाला बारीक केस असतात, सगळे मागे वळलेले, म्हणजे गळासारखं, पुढे जायला मोकळं आणि मागे यायची सोय नाही. आणि मागची शेपटी असते ती सुकली की दोरीसारखी पीळ खाते, दव पडलं की तो पीळ सुटतो, उन्हात परत पिळते. ही सगळी सोय खरं तर बी जमिनीत घुसावं म्हणून, पण गवताला काय माहीत समोर माती आहे की ढमीचा पंजा. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात, सगळीकडे जातं. कुत्रं सारखं शिंकतंय, एकच पाय चाटतंय, डोकं झटकतंय असं दिसलं तर माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका.

आता मी तिला मळलेल्या वाटेवरूनच नेते, पट्टा लावून. पट्ट्याची सवय मला एका आजोबांनी लावली. सिंहगडाच्या पायथ्याला आतकरवाडीजवळ शेरडं घेऊन चालले होते, म्हणाले, "ताई, कुत्रीला वाईच धरा, शेरडं बुजत्यात. आन् बिबट्याला कुत्रं लई आवडतं बरं का." दुसरं वाक्य अगदी सहज, हवापाण्याचं सांगावं तसं. तेव्हापासून पूर्ण उजाडल्याशिवाय चढायला सुरुवात करत नाही.

पण उशीरही करून चालत नाही. सिंहगड 1312 मीटर उंच, पहाटे वर गार वारं असतं म्हणून आपण फसतो, पण दहा-साडेदहानंतर काळा कातळ तापायला लागतो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या एवढाच त्याचा पंखा. कातळावर हाताचा तळवा ठेवून बघायचा, पाच-सहा सेकंद ठेववत नसेल तर तिलाही चालवू नये. पाणी मी तिच्यासाठी वेगळी बाटली भरून नेते. गडावरच्या देवटाक्यात, म्हणजे पाण्याच्या टाक्यात, कुत्रं उतरवू नका प्लीज, लोक ते पाणी पितात.

आणि भजी. गडावर जाऊन कांदाभजी न खाता येणं हे पाप आहे हे मलाही मान्य, ढमी तर समोर बसून असं बघते की दगडाला पाझर फुटेल, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, कच्चा असो की तळलेला. मनुका, द्राक्षंही नकोत, किडनीवर जातं. तिला कोरडी भाकरी, पिठल्याशिवाय, कारण त्यातही कांदा-लसूण असतोच.

भीमाशंकरला घेऊन जाऊ का, असंही विचारतात. नको. 1985 पासून ते अभयारण्य आहे, शेकरूचं घर, आणि डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांकडून जंगली प्राण्यांना लागतात. आपल्याला टेकड्या काय कमी आहेत का, वेताळ टेकडी आहे, हनुमान टेकडी आहे.

घरी आलं की वर्तमानपत्र पसरून तिला त्यावर बसवते, दाट दातांची फणी, चिमटा, मोबाईलचा टॉर्च, आणि एकेक बोट उघडून बघते, कानाच्या मागे गोचीड बघते. काल अकरा कुसळं निघाली, म्हणजे मळलेल्या वाटेवरून चालून अकरा! ती आता घरी मस्त लोळत असेल. आणि मी इथे माईकसमोर बसलेय तर उजव्या सॉक्समध्ये मघापासून काहीतरी टोचतंय, तेव्हा मंडळी, मी जरा बूट काढते.