धायटी : गडाच्या वाटेवरचं लाल झुडूप

जानेवारी-फेब्रुवारीत सह्याद्रीतल्या कुठल्याही गडाची वाट धरा, गवत पार वाळलेलं, पायाखाली मुरूम, आणि तेवढ्यात उतारावर एक झुडूप असं लालभडक दिसतं की वाटतं पळस फुलला, पण पळसाचं झाड असतं आणि हे तर जेमतेम माणसाएवढं. ही धायटी. कुणी धायफूल म्हणतं, संस्कृतात धातकी. ट्रेकवाले हिच्यासोबत भरपूर फोटो काढतात, नाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

कॅमेरा जरा जवळ नेऊया. हे एक फूल, बोटाच्या पेरापेक्षाही छोटं. आपल्याला जे लाल दिसतंय ना, त्या पाकळ्या नाहीतच! ती निदलपुंजाची नळी आहे, म्हणजे बाकीच्या फुलांत जो भाग हिरवा असतो आणि आपण ज्याच्याकडे बघतही नाही, तोच इथे भाव खाऊन जातो. पाकळ्या आहेत, सहा आहेत, पण नळीच्या तोंडाशी इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. आतून बाहेर डोकावणारे हे 12 पुंकेसर. नळीच्या तळाशी मध. गावाकडची पोरं फूल तोडून तो चोखतात, आणि हा बघा आला शिंजीर, त्याची वाकडी चोच बरोब्बर आत जाते.

पान उलटं करून बघा, खालची बाजू फिकट आणि त्यावर काळे ठिपके. ही खूण लक्षात ठेवा, फुलं नसताना धायटी ओळखायला उपयोगी पडते. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी आणि डाळिंब हिच्याच कुळातले, म्हणजे नातेवाईक तसे आपल्या ओळखीचेच.

आता गंमत. दशमूलारिष्टाची बाटली घरात असेल तर तिच्यावरची घटकद्रव्यांची यादी वाचा, त्यात धातकी सापडेल. अरिष्टं, म्हणजे आंबवून केलेली आयुर्वेदिक औषधं, करताना काढ्यात गूळ किंवा मध घालतात, वर धायटीची वाळलेली फुलं टाकतात आणि भांड्याचं तोंड बंद करून ठेवून देतात. फुलांवर नैसर्गिक यीस्ट असतं, ते गुळातली साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं, वरून वेगळं घालावं लागत नाही. आणि ते तयार झालं की नाही हे कसं कळायचं? जुनी पद्धत अशी की भांड्याला कान लावायचा, आतून बारीक चुरचुर ऐकू आली तर काम अजून चालू आहे, मग पेटती काडी तोंडाशी धरायची, कार्बन डायऑक्साइड निघत असेल तर काडी विझते, विझली नाही तर आंबण्याची क्रिया संपली. कुठलंही मशीन नाही, मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

शिवाय फुलांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, म्हणून कापड रंगवायला आणि कातडं कमवायलाही वापरतात. पण ही फुलं बहुतेक जंगलातूनच येतात, आणि घाईत अख्ख्या फांद्याच मोडल्या तर बी धरणार कुठून?

म्हणून लावायची कशी ते सांगतो. बी अगदी धुळीसारखं बारीक. मी पहिल्यांदा नेहमीच्या सवयीने वर बोटभर माती लोटली, एकही उगवलं नाही, चूक माझीच. बी वाळूत मिसळून नुसतं वर भुरभुरायचं, झाकायचं नाही, आणि पाणी झारीने नको, स्प्रेने. पावसाळ्यात फाटे लावूनही रोपं करता येतात. जागा उन्हाची हवी, माती हलकी मुरमाड चालते, उलट पाणी साचणाऱ्या भारी जमिनीतच ती कुरकुरते. खताचे फार लाड नकोत. बांधाला, उताराला लावलीत तर माती धरून ठेवते, वरून तोडली तरी बुडातून परत फुटते.

छाटणी मात्र फुलं संपल्यावरच करा. दिवाळीत साफसफाई म्हणून कात्री चालवलीत तर जानेवारीत बघायला नुसत्या काड्या.