सॅलिसबरीचे वाकलेले खांब

नमस्कार श्रोतेहो.

मुलामुलींकडे इंग्लंडला जाणाऱ्यांची आता आपल्याकडे वाण नाही. लंडन पाहून झालं की पाहुण्यांना स्टोनहेंज दाखवतात आणि येता येता सॅलिसबरीच्या कॅथेड्रललाही नेतात. अर्धा तास थांबायचं, बाहेरून शिखराचा फोटो काढायचा आणि निघायचं. पण तिथलं खरं बघण्यासारखं आत आहे, खांबांमध्ये.

लांब दालनातून सरळ पुढे जा. आडवं दालन त्याला छेदतं तिथे, मनोऱ्याच्या बरोबर खाली, चार भलेमोठे खांब आहेत. एकाजवळ उभं राहून तळापासून वरपर्यंत नजर फिरवा. खांब ओळंब्यात नाही, त्याला बाक आला आहे. साध्या डोळ्यांना दिसतो.

हे घडलं कसं? बांधकाम १२२० साली सुरू झालं आणि १२५८ मध्ये मुख्य इमारतीचा अभिषेक झाला. तेव्हा मनोरा बुटका होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यावर उंच मनोरा आणि दगडी शिखर चढवलं. उंची १२३ मीटर, ब्रिटनमधल्या कोणत्याही चर्चपेक्षा जास्त. वजन वाढलं सुमारे ६५०० टनांनी, आणि पाया जेमतेम चार फूट खोल! खाली नदीकाठची घट्ट बसलेली खडी आहे, तिने भार पेलला. जमिनीखालचं पाणी मात्र फार वर आहे. आजही फरशीतल्या एका भोकातून काठी सोडून त्याची पातळी बघतात.

नंतरच्या कारागिरांनी जे जे केलं ते लपवलेलं नाही. शिखराची भिंत तळाशी दोन फूट जाड, पण वरच्या भागात अवघी नऊ इंच ठेवली. मनोऱ्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळलं. पूर्वेकडच्या लहान आडव्या दालनांत एकीवर एक उलटी कमान घालून खांबांना टेकू दिले, आणि पंधराव्या शतकात मोठ्या आडव्या दालनांच्या तोंडाशीही कमानी टाकल्या. सुंदर इमारतीत मधेच घुसलेल्या या कमानी काहींना खटकतात. मला तर तिथला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच वाटतो. १६६८ साली ख्रिस्तोफर रेन या वास्तुविशारदाने मोजमाप केलं, तेव्हा शिखर सुमारे ७५ सेंटिमीटर कललेलं निघालं.

इतकं वाकून, कलून इमारत टिकली यात चुन्याचा वाटा मोठा. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा आणि एका भागाला साधारण तीन भाग वाळू घालून मळायचा. हा चुना हवेतला कर्बवायू शोषत बाहेरून आत घट्ट होत जातो. जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षं मऊ राहतो. त्यामुळे भार हळूहळू वाढला तर दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले चुन्याचे सांधे, किंचित दबतात आणि चिरे फुटत नाहीत. बारीक भेगांत पाणी झिरपलं की थोडा चुना विरघळून तिथेच पुन्हा बसतो. मात्र ओला चुना गोठला की गेला. म्हणून हिवाळ्यात अर्धवट भिंतींचे माथे पेंढा आणि शेणाने झाकत. तेवढे महिने भिंत चढत नसे. पाथरवट छपराखाली बसून चिरे घडवत.

दगडाचंही तसंच. बाहेरचा चिलमार्कचा दगड थरांचा आहे. खाणीत तो जसा आडवा होता तसाच भिंतीत बसवायचा. थर उभा करून तोंड बाहेर काढलं, तर पाऊस आणि थंडीने खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. आतल्या काळसर, चकचकीत स्तंभिका परबेकच्या दगडाच्या. त्याचे थर पातळ, म्हणून लांब स्तंभिका हवी तर दगड उभाच करावा लागतो. छपराखाली ते खपून जातं. अगदी जवळून पाहिलंत तर त्या दगडात गोगलगायींचे शंख दिसतील.

‘पूर्वीची माणसं काय भक्कम बांधायची’ हे वाक्य मात्र जरा जपून वापरावं. इंग्लंडमधल्याच विंचेस्टर कॅथेड्रलचा मनोरा ११०७ मध्ये कोसळला, ईली कॅथेड्रलचा १३२२ मध्ये. फ्रान्समध्ये बोव्हेच्या कॅथेड्रलची ४८ मीटर उंचीची घुमटी छतं १२८४ मध्ये खाली आली. पडलेलं आपण बघायला जात नाही, एवढंच. आणि जे उभं आहे त्याला सतत हात लागतो. सॅलिसबरीत १९८६ साली सुरू झालेली मोठी दुरुस्ती साडेतीन दशकांहून जास्त चालली.

दुरुस्ती बिघडते ती बहुधा सिमेंटने. सिमेंटची दर्जाभरणी दगडापेक्षा कठीण, पाणी बाहेर पडू न देणारी. मग ओल दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि दगड झडतो. दर्जा जशीच्या तशी पुढे आलेली आणि भोवतीचा दगड खोल गेलेला दिसला, की समजावं. आपल्या किल्ल्यांवर चुना मळायच्या घाण्याचा गोल चर आणि दगडी चाक अजून दिसतं, आणि त्याच किल्ल्यांच्या तटाला सिमेंट फासलेलंही दिसतं. कारण तेच, परिणामही तोच. दुसरा शत्रू लोखंड. चिरे जोडायला घातलेल्या लोखंडी पकडी गंजल्या की फुगतात आणि दगडाचा कोपरा उडवतात. म्हणून जाणते गवंडी त्याभोवती शिसं ओतत.

मनोऱ्यावर जायचं असेल तर आधी नोंदणी करा. ३३२ पायऱ्या आहेत, काही ठिकाणी जिना फार अरुंद आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खालीच थांबलेलं बरं. वर गेलात तर शिखराच्या पोटात लाकडी सांगाडा दिसेल. बांधकामाची परांची आत तशीच ठेवलेली आहे.