घोटा बरा झाला, हे ठरवायचं कोणी?

(साताऱ्यातल्या धावपटूंसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपली साताऱ्याची हिल मॅरेथॉन जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाय दाखवायच्या आधीच विचारतात, "मॅडम, रेसपर्यंत होईल ना?" जिन्यावरून उतरताना, खड्ड्यात, नाहीतर रस्त्याकडेच्या खडीवर पाय आत वळलेला असतो. बाहेरच्या घोट्याखाली अंड्याएवढी सूज आणि पावलावर काळंनिळं उतरलेलं. घरच्यांनी आंबेहळद लावलेली असते. तिला माझी हरकत नाही. पण मुरगळलेला पाय ओढून 'बसवून' घेऊ नका. तिथे निसटलेलं काही नसतं, लिगामेंटचे, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यांचे, तंतू ताणलेले किंवा तुटलेले असतात. ते आणखी ओढून काय साधणार?

आधी हाड मोडलंय का ते बघायचं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली त्यासाठी साधे नियम मांडले आणि ते आजही जगभर वापरतात. दुखऱ्या पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही घोट्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये, हाड दाबून बघायचं. तसंच करंगळीकडच्या लांब हाडाचा पावलाच्या मध्याजवळचा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांतल्या कुठेही हाडावरच दुखत असेल, किंवा लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. लंगडत का होईना, चार पावलं पडतात का, एवढंच बघायचंय.

बर्फाबद्दल थोडक्यात. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं, हे सूत्र 1978 मध्ये अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी लोकप्रिय केलं. पुढे त्यांनीच सांगितलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं. ठणका असेल तर सुरुवातीला थोडा वेळ बर्फ लावा, पण पाय आठवडाभर उशीवर ठेवून बसू नका. दुखणं सोसवेल इतपत लवकर चालायला लागा.

खरी गडबड पुढे होते. बऱ्याच जणांची सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, चालताना दुखत नाही, आणि माणूस लाँग रनला निघतो. लिगामेंट मात्र पुढे कित्येक महिने घट्ट होत असतं. दुसरं, पाऊल कुठे किती कललंय ही खबर मेंदूला देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांनाही त्या दुखापतीत मार बसलेला असतो. हे 1965 पासून मांडलं गेलंय, तरी धावणाऱ्यांच्या गप्पांत त्याचं नाव निघत नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, त्याचं मोठं कारण इथे आहे.

क्लिनिकमध्ये मी बूट काढायला लावते. एका पायावर उभे राहा, हात कमरेवर, आता डोळे मिटा. चांगल्या पायावर माणूस थोडा हलतो आणि सावरतो. दुखऱ्या पायावर आला की पावलाच्या वरच्या शिरा थरथरायला लागतात, बोटं जमीन पकडू बघतात, आणि काही सेकंदांत दुसरा पाय टेकतो. पंचवीस किलोमीटर आरामात धावणारा माणूसही टेकतो. तोंडावरचा अविश्वास बघण्यासारखा असतो!

म्हणून तारीख बाजूला ठेवा आणि पायाला विचारा. अर्धा-पाऊण तास भरभर चालल्यावर दुखतंय का? भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवताना दोन्ही पावलं भिंतीपासून सारखीच मागे नेता येतात का? एका पायावर टाच उचलणं वीस-पंचवीस वेळा, चांगल्या पायाइतक्याच उंचीपर्यंत जमतं का? त्याच पायावर लंगडी घालता येते का? हे जमलं की एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, तेही सपाटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरताना पहिलं पाऊल कसं पडतं, ते खरं प्रगतिपुस्तक. तोवर दमसासासाठी सायकल आहे, पोहणं आहे. दोन आठवडे धावला नाहीत म्हणून कमावलेलं सगळं वाहून जात नाही.

आपल्या रेसची एक खोड आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं, आणि तोच घाट उतरून यायचं. चढाला सगळे घाबरतात, घोट्याचा कस मात्र उतारावर लागतो. पाय दमलेले, रस्ता ओला, आणि वेग आपोआप वाढलेला. शिवाय रस्ता कडेला उतरता असतो. डाव्या कडेने धावलात तर डावं पाऊल प्रत्येक वेळी किंचित आतच वळतं. दुखापत डाव्या घोट्याची असेल तर रेसमध्ये कडा सोडून मध्याकडे या. सरावात उतारावरचं धावणं सगळ्यात शेवटी सुरू करा.

आणि स्टार्टच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहू नका. धोक्याची खबर देणारी वेदनाच दबते, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

एक चिठ्ठी आली आहे, "ब्रेस घालून पळालं तर चालेल का?" चालेल. ब्रेस म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा. लेसवाल्या ब्रेसने किंवा चिकटपट्टीने नीट केलेल्या टेपिंगने पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. नुसत्या इलॅस्टिकच्या मोज्याकडून तेवढ्या आधाराची अपेक्षा ठेवू नका. आणि ब्रेस नवा कोरा घालून रेसला येऊ नका. आधी दोन-तीन लाँग रन त्याच बुटात, त्याच मोज्यांवर करून बघा, म्हणजे तो कुठे घासतो ते ऐन घाटात कळायची वेळ येणार नाही.