मन खाणारा पिप आणि डूख धरणारे दोघं

नमस्कार मंडळी! परवा आपल्या सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' परत आणलं. कादंबरी १८६०-६१ची, साप्ताहिकातून हप्त्यांनी आलेली, आणि आपलं वाचनालय १८४०चं, म्हणजे तिच्याहून वीस वर्षांनी मोठं. असो. मला आज बोलायचंय ते एका लोखंडी बेडीबद्दल.

छोटा पिप एका पळालेल्या कैद्याला घाबरून घरातलं खाणं आणि कानस चोरून देतो, कैदी त्या कानशीने पायातली बेडी कापतो. काही वर्षांनी पिपच्या बहिणीच्या डोक्यात कुणीतरी मागून घाव घालतं, ती परत धड बोलूसुद्धा शकत नाही, आणि तिच्या शेजारी काय पडलेलं असतं, तर तीच बेडी! पिपने काहीच केलेलं नाही, पण हत्यार आपणच पुरवलं असं त्याचं मन त्याला खात राहतं. मारणारा असतो ऑर्लिक, भट्टीवरचा गडी. आणि तो पुढे पिपला बांधून घालून काय म्हणतो माहितीये? की तुझ्या बहिणीला तूच मारलंस, कारण लाड तुझे व्हायचे आणि मार मला बसायचा. म्हणजे डूख धरणारा स्वतःचं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि पिप तर ते आधीपासूनच गळ्यात घालून फिरतोय. मला हे भयंकर वाटतं.

मिस हॅविशॅम, लग्नाच्या दिवशीच सोडून दिलेली एक श्रीमंत बाई, तशीच. फसवलं एका पुरुषाने, सूड उगवला भलत्यांवरच, आपल्या दत्तक मुलीला, एस्टेलाला, दगड बनवून. पण ती शेवटी पिपसमोर गुडघ्यावर येते, ऑर्लिक कधीच नाही.

आता जो, म्हणजे पिपला सांभाळणारा त्याचा लोहार भावोजी. पुढे पैसा मिळून लंडनला साहेब झालेल्या पिपला हा जो भेटायला येणार म्हटल्यावर वाटतं, पैसे देऊन टाळता आलं असतं तर दिले असते. हे वाचताना मला माझे निफाडचे मामा आठवले, द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन कॉलेज रोडच्या रूमवर आलेले, आणि मी मित्रांना सांगितलं, गावाकडचे ओळखीचे आहेत. वाईट खूप वाटलं, पण मी मामांना फोन केला का? नाही केला. पिपही तेच करतो, गावी जातो, मन खात असतं, तरी जोकडे न उतरता लॉजवर उतरतो आणि स्वतःला कारणं देत बसतो. नुसतं वाईट वाटून घेण्याने जोला काय मिळालं?

आणि तोच जो पिपच्या आजारपणात येऊन त्याची सेवा करतो, त्याचं कर्ज फेडतो आणि सकाळी पिप उठायच्या आत पावती ठेवून निघून जातो. ते पान मला अजूनही एका दमात वाचता येत नाही.