बेरिक नसलेलं बेरिकशर

नमस्कार, श्रोतेहो.

स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला बेरिकशर नावाची काउंटी होती. तिला नाव मिळालं ते ट्वीड नदीच्या मुखावरच्या बेरिक शहरावरून. पण हे शहर 1482 साली इंग्लंडने कायमचं घेतलं. सरहद्द शहराच्या उत्तरेला जेमतेम अडीच-तीन मैलांवर आली. काउंटीचं नाव मात्र तेच राहिलं.

मग कचेरी कुठे? 1596 मध्ये सहाव्या जेम्स राजाने ग्रीनलॉ निवडलं. 1661 मध्ये काउंटीच्या मुख्य गावाचा हा मान डन्स गावाला गेला आणि त्याच शतकाच्या अखेरीस पुन्हा ग्रीनलॉला आला. 1831 मध्ये तिथे काउंटीच्या कारभारासाठी इमारत पूर्ण झाली. दर्शनी खांब आणि वर घुमट, अशी ती खेड्याच्या मानाने फारच भव्य आहे. ती बघितली की त्या खेड्याने केवढी आशा धरली होती ते कळतं. पण 1853 पासून काही काम डन्सला होऊ लागलं आणि 1903 नंतर सगळाच मान तिकडे गेला.

कारभार 1667 पासून ‘सप्लाय कमिशनर’ म्हणवणाऱ्या जमीनदारांच्या हाती होता. जमिनीवरचा कर गोळा करणं हे त्यांचं मूळ काम. पुढे रस्ते आणि पोलीसही त्यांच्याकडे आले. 1889 च्या कायद्याने निवडून आलेली काउंटी कौन्सिल आली. ती 16 मे 1975 ला संपली. बॉर्डर्स नावाच्या मोठ्या विभागाखाली बेरिकशर हा जिल्हा उरला, पण लॉडर गाव आणि आसपासचा भाग त्यातून निघून शेजारच्या जिल्ह्यात गेला. 1 एप्रिल 1996 पासून तो जिल्हाही नाही. सगळा कारभार स्कॉटिश बॉर्डर्स कौन्सिलकडे आहे. लॉर्ड लेफ्टनंटचं, म्हणजे राजाच्या स्थानिक प्रतिनिधीचं पद आणि जमिनीची नोंदणी यांत मात्र बेरिकशर हे नाव आजही चालतं.

या भागातल्या कुणाची जन्मनोंद शोधायची असेल, तर आधी पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, ठरवा. ‘बेरिक’ एवढंच लिहून शोधलं की हमखास घोटाळा होतो, कारण बेरिक शहराच्या नोंदी इंग्लंडच्या, नॉर्थम्बरलंडच्या दप्तरात आहेत. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत बघावं लागतं, आणि तिथे जन्माची नव्हे, बहुधा बाप्तिस्म्याची तारीख असते. डन्सची नोंद सापडत नसेल तर ‘डन्से’ असं, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ई अक्षर जोडून, शोधा. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तसंच लिहीत. काउंटीचे जुने कागद बघायचे असतील तर हॉइक गावातलं अभिलेखागार गाठा.