यशवंतरावांची कारभाराची रीत

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिला तो असा : ‘आपली नेतृत्वशैली कशी घडवावी?’ समोर बरेच चेहरे हाताखाली नुकतीच माणसं आलेल्यांचे दिसताहेत, तेव्हा विषय चुकीचा नाही. पण हल्ली प्रशिक्षणात एक प्रश्नावली वाटतात. हुकूम सोडणारे की सल्ला घेणारे? खुणा करा, बेरीज करा, खाली तुमचा प्रकार छापलेलाच असतो. सबंध कारकीर्दभर एकाच रकान्यात बसून राहिलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. म्हणून आज प्रकारांबद्दल न बोलता एकाच माणसाबद्दल बोलतो, यशवंतराव चव्हाणांबद्दल. त्यांची रीत कुठे फळली आणि कुठे अडली, दोन्ही आपल्यासमोर उघड आहे.

सुरुवात 1942 च्या साताऱ्यापासून करू. हातात ना पद, ना पैसा. मामलेदार कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे न्यायचे. वडूजला 9 सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं गेली. अशा चळवळीत कुणावर हुकूम चालत नाही. भूमिगत कार्यकर्त्याला गावानं रात्री भाकरी दिली आणि ओसरीवर झोपू दिलं, तरच तो पुढारी. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्यांची सवय इथली असावी, असं मला वाटतं. घरंदाज पुढाऱ्यांना ती सहसा लागत नाही.

1946 मध्ये ते मुंबईत गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. मंत्री होते मोरारजी देसाई. फाइल कशी वाचायची, शेरा कसा मारायचा, अधिकाऱ्याला किती जवळ करायचं, हे ते तिथे शिकले. मोरारजींची शिस्त त्यांनी उचलली. एकदा ठरलं की ठरलं, हा हेका मात्र उचलला नाही. वरिष्ठाकडून काय घ्यायचं हे सगळेच सांगतात, काय घ्यायचं नाही हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

या दोघांतला फरक दिसला तो संयुक्त महाराष्ट्राच्या काळात. 1955 च्या अखेरीस फलटणला यशवंतरावांनी जाहीर सांगितलं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवडायची वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूनं राहीन. मराठी मुलखात त्यांच्यावर काय टीका झाली असेल, विचारू नका. पुढच्या जानेवारीत मोरारजींच्या राजवटीत मुंबईत गोळीबार झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला द्वैभाषिक, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलखांचं एकत्र मुंबई राज्य, आलं आणि यशवंतराव मुख्यमंत्री झाले. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत झालं. समोर संयुक्त महाराष्ट्र समितीचे एस. एम. जोशी, अत्रे, डांगे, नाना पाटील. म्हणजे खुर्ची मिळाली, पण आपल्याच मुलखात माणूस एकटा पडलेला.

त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण होतं, नेहरूंच्या हस्ते. समितीनं निदर्शनं पुकारली. हजारो माणसं काळी निशाणं घेऊन वाटेवर उभी. बंदोबस्त होता, पण गोळी सुटली नाही. लोकांचा राग पंतप्रधानांनी गाडीतून स्वतःच पाहिला. द्वैभाषिक चालणार नाही, हे दिल्लीला पटवायचं काम पुढे यशवंतरावांनी पक्षाच्या आतून केलं, घोषणा न देता. ‘नेहरूंनंतर महाराष्ट्र’ म्हणणाऱ्याच्याच हाती 1 मे 1960 ला महाराष्ट्राची सूत्रं आली.

मग त्यांचं प्रसिद्ध बेरजेचं राजकारण. शेतकरी कामगार पक्षातली माणसं एकेक करून काँग्रेसमध्ये आली. राज्याची घडी बसली हे खरं. समोरचे बाक रिकामे होत गेले, हेही खरं, आणि त्याची किंमत महाराष्ट्रानं बराच काळ मोजली असं माझं मत आहे. पण याच काळातलं त्यांचं एक काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, रस्ते, दवाखाने जिल्ह्याकडे गेले. ज्याच्या टेबलावर सगळं येतं त्यानंच अर्धं टेबल उचलून तालुक्याला द्यायचं, हे सोपं नसतं. पुढच्या कित्येक आमदार-मंत्र्यांनी कारभाराचा पहिला धडा तिथेच गिरवला.

नोव्हेंबर 1962. देशानं चीनकडून मार खाल्लेला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झालेले, आणि त्यांच्या जागी यशवंतराव दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण इतक्या सभांत वापरलंय की सह्याद्रीनं तिथे जाऊन केलं काय, हे बघायचं राहूनच गेलं. मेनन यांच्यावर मोठा आक्षेप होता तो सेनापतींच्या बढत्यांत आणि कामात हात घालण्याचा. चव्हाणांनी सेनाप्रमुखांशी नेमानं बसायला सुरुवात केली. लढाई कशी लढायची ते तुम्ही ठरवा, लागेल ते सामान मी मिळवतो, अशी ती वाटणी होती.

ती कसाला लागली 1 सप्टेंबर 1965 ला. पहाटे पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. दुपारनंतर लष्करप्रमुख चौधुरी आणि हवाई दलाचे अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले : विमानं पाठवायची का? विमानं उडाली की युद्ध वाढणार, हे सगळ्यांना कळत होतं. अंधार पडायला थोडाच वेळ उरलेला. मंत्रिमंडळ बोलवायला सवड नाही. माणसं जमवून, सगळ्यांचं ऐकून, सावकाश पावलं टाकणाऱ्या या गृहस्थानं काही मिनिटांत हो म्हटलं. पठाणकोटहून विमानं गेली. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. तरी हुकूम मागे घेतला गेला नाही.

आता दुसरी बाजू. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी त्यांनी काँग्रेसच्या बंगळूरच्या संसदीय मंडळात इंदिराजींच्या विरोधात, संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं आणि पक्ष फुटल्यावर इंदिराजींबरोबर राहिले. 1978 च्या फुटीत ते इंदिराजींच्या विरुद्ध बाजूला होते. 1979 च्या जुलैत विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी अविश्वासाचा ठराव आणला आणि सरकार कोसळलं. कुणाचं? ज्यांच्या हाताखाली फाइल वाचायला शिकले त्या मोरारजींचं. मग राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी आधी यशवंतरावांनाच बोलावलं, आणि ते राष्ट्रपती होते संजीव रेड्डी. बहुमत जमलं नाही. चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला तोंडही न दाखवता गेलं.

मुंबईत वाट पाहणं हे त्यांचं बळ होतं, कारण लोकांना द्यायला त्यांच्या हातात काहीतरी असे. दिल्लीत तसं राज्य हाताशी नव्हतं. तिथे तेच वाट पाहणं लोकांना कुंपणावर बसणं वाटलं.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग 1979 मध्ये त्यांनी काय करायला हवं होतं?)

माझ्या मते विरोधी पक्षनेत्याच्या जागेवर बसून राहायला हवं होतं. उपपंतप्रधानपद घ्यायला नको होतं. 1980 च्या लाटेत ते साताऱ्यातून निवडून आलेच की, म्हणजे माणसं त्यांच्यामागे होती. नंतर ते इंदिराजींच्या पक्षात परतले, आणि त्याआधी त्यांना दारात बरंच तिष्ठावं लागलं. 1982 मध्ये आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. राज्यांना किती वाटा द्यायचा याचा हिशेब. ते काम मात्र त्यांच्या हाताला बसणारं होतं.